घटस्थापनेला कंद, पाडव्याला फूल

दौंडकडे माझ्या माहेरी अर्धा एकर गुलछडी असायची. पहाटे चारला उठायचं, डोक्याला बॅटरी बांधायची, कळ्या तोडायच्या आणि सहाच्या टेम्पोत पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात रवाना करायच्या. शाळेत जाताना माझ्या वेणीला, हाताला, दप्तरालासुद्धा तो वास असायचा. लग्न होऊन मी नेदरलँड्समध्ये लायडनला आले. पहिल्याच मार्चमध्ये सायकलवरून घरी येताना एका घरासमोर तोच गोड, जड वास आला आणि मी ब्रेक दाबून उभी राहिले. म्हटलं, एवढ्या थंडीत गुलछडी कुठून आली? वाकून पाहिलं तर वीतभर उंचीचे निळे आणि पांढरे घोस मातीतून सरळ वर आलेले. ते हायसिंथ. त्या दिवसापासून हे फूल माझं झालं. दरवर्षी पन्नासेक कंद मी जमिनीत आणि कुंड्यांत लावते. हे फूल गुढीपाडव्याला दारात कसं आणायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ मिटवते. हायसिंथ म्हटलं की आपल्याकडे 'वॉटर हायसिंथ', म्हणजे जलपर्णी आठवते. माझ्या काकूंनी फोनवर विचारलंच, "अगं, ती नदीतली घाण तू घरात कशाला लावतेस?" पुण्याच्या मुठेत किंवा कोल्हापूरच्या रंकाळ्यात माजते ती जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. या फुलाशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही. हे हायसिंथ मूळचं तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातलं. सोळाव्या शतकात ते तिकडून युरोपात आलं आणि पुढे डच लोकांनी त्याला वाढवलं. माझी शेजारीण इराणी आहे. ती याला 'सोंबोल' म्हणते आणि नवरोझच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, ताटाजवळ याची कुंडी मांडते. तिचा नवरोझ २० किंवा २१ मार्चचा आणि आमचा पाडवा त्याच्या पुढेमागे. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच फूल असतं.

फूल कंदात आधीच असतं

हे कळलं की निम्मं काम सोपं होतं, म्हणून सगळ्यात आधी सांगते. एकदा ऑक्टोबरमध्ये खुरप्याचा घाव लागून एक कंद फाटला. फेकण्याआधी मी तो विळीवर ठेवून शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरला. कांद्यासारखे पांढरे पापुद्रे, आणि त्यांच्या बरोबर मधोमध, बुडाला चिकटून, करंगळीच्या नखाएवढा एक फिकट पोपटी गोंडा. चष्मा लावून पाहिलं तर त्यावर खसखशीच्या दाण्यांसारख्या बारीक कळ्या ओळीने बसलेल्या. मार्चमधलं फूल ऑक्टोबरमध्येच पोटात तयार होतं!

शेतकरी जूनमध्ये कंद काढून उबदार कोठारात ठेवतात, तेव्हा उन्हाळाभर हे फूल आत घडतं. आपण दुकानातून आणतो तो कंद गरोदर असतो म्हणा ना. त्याला आता खताची फारशी गरज नसते. त्याला दोनच गोष्टी लागतात: लांबलचक थंडी आणि पाण्याचा निचरा. थंडीत कंद मुळं सोडतो आणि दांडा लांब होण्याची तयारी आत होते. ही थंडी कमी पडली तर फूल येतं, पण दांडा वाढत नाही आणि पानांच्या बेचक्यातच घोस फुलून बसतो. पहिल्या वर्षी माझं हेच झालं. कोंब दिसला म्हणून आनंदाने कुंडी हीटरजवळ आणली. आठ दिवसांत पानांच्या आत, मातीला टेकून, चुरगळलेलं गुलाबी फूल उमललं. वास होता, पण बघवत नव्हतं. तेव्हापासून कोंब दिसला तरी मी दिवस मोजते आणि दिवस भरल्याशिवाय कुंडी हलवत नाही.

कंद निवडताना

सप्टेंबरपासून इथल्या दुकानांत जाळीच्या पिशव्या लागतात. पाकिटावर १४/१५, १६/१७, १८/१९ असे आकडे असतात. तो कंदाचा घेर, सेंटिमीटरमध्ये. बागेसाठी १४/१५ किंवा १५/१६ घ्या. त्यांचा घोस जरा सुटसुटीत येतो आणि वाऱ्या-पावसात दांडा आडवा होत नाही. घरात, काचेत किंवा शोभेच्या कुंडीत लावायचे तर १७/१८ किंवा १८/१९. मोठा कंद बागेत लावला तर फूल डोईजड होतं आणि एका पावसात लोळतं. इथे मोठ्याचाच मोह धरू नका.

कंद हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. बूड अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, ओलसर वाटलं किंवा निळसर बुरशी दिसली तर ठेवून द्या. वरची साल सुटलेली असली तरी चालते. सालीच्या रंगावरून फुलाचा अंदाजही येतो: जांभळट साल बहुधा निळ्या-गुलाबी फुलाची, पांढरट साल पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलाची. पिशव्यांची सरमिसळ झाली की हे उपयोगी पडतं.

हातमोजे घाला, हे मी जीव तोडून सांगते. कंदाच्या कोरड्या सालीत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अळूने घसा खाजतो ना, त्याच जातीचे. उघड्या हाताने चाळीस कंद सोलले की मनगटापर्यंत आग आणि खाज सुटते, आणि तोच हात मानेला लागला की तिथेही. मोजे नसतील तर कंदांवर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे साल उडत नाही.

जातींचं म्हणाल तर माझ्या घरात 'कार्नेगी' हवाच. १९३५ सालची पांढरी जात, घोस घट्ट, आणि वास गुलछडीच्या सर्वांत जवळचा. निळ्यात 'डेल्फ्ट ब्लू', १९४४ सालची. इथल्या चिनी मातीच्या बशांवर असतो तसा मऊ निळा. गडद निळं हवं असेल तर 'ब्लू जॅकेट'. 'वुडस्टॉक'चा रंग जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसा. 'जिप्सी क्वीन' पिकल्या जर्दाळूच्या रंगाची, वास हलका. १८९३ पासून चालत आलेली 'सिटी ऑफ हार्लेम' फिकट पिवळी आहे, जरा उशिरा फुलते, आणि तिचा वास डोक्यात चढत नाही. आजारी माणसाच्या खोलीत ठेवायची तर मी हीच देते. 'कार्नेगी'च्या तीन कुंड्या बंद खोलीत ठेवल्या तर डोकं धरतं.

जमिनीत लावण्याची पद्धत

लावणीचा काळ लक्षात ठेवायला सोपा आहे: घटस्थापना ते दिवाळी. घट बसले की मी कंद आणते आणि दिवाळीचा फराळ करायला घेण्याआधी लावून मोकळी होते. माती गार झाली पाहिजे, पण गोठायच्या आत कंदाला मुळं धरायला महिना-दीड महिना मिळाला पाहिजे, एवढंच त्यामागचं गणित. नोव्हेंबर उलटला तरी जमीन मऊ असेल तर लावा. पिशवीत राहिलेला कंद फुकट जातो.

लायडन, हार्लेम आणि त्यांच्या मधली लिस्से, हिलेगोम ही गावं म्हणजे फुलांच्या कंदांचा खास पट्टा. तिथे समुद्राकाठच्या टेकड्यांची चुनखडीयुक्त वाळू आहे. वाळूतून पाणी झरझर उतरतं, म्हणून हायसिंथ तिथे राजासारखं वाढतं. माझी बाग शहरातली, चार मीटर बाय तीन, आणि माती चिकण. या बागेतल्या पहिल्या वर्षी मी खड्डा केला, कंद ठेवला, माती लोटली. जानेवारीच्या पावसात खड्ड्याचा पाणवठा झाला आणि पंचवीसपैकी अकरा कंद कुजले. वर काढले तर नुसता बुळबुळीत लगदा आणि कुजक्या कांद्याचा वास. मग माहेरची युक्ती वापरली: गादीवाफा.

कुदळीच्या पात्याइतकं खोल खणा. जाडी वाळू आणि कुजलेल्या पानांचं खत मिसळा. माझ्या चिकण मातीत मी तीन पाट्या मातीला एक पाटी वाळू घेते. वाफा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करा. ताजं शेण, घोड्याची लीद असलं काही घालू नका. माझा हात सवयीने खताकडे जायचा, पण कच्च्या खताच्या उबेने कंदाचं बूड सडतं. माती आंबट नसावी, सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या आसपास बरा.

खोली पंधरा सेंटिमीटर धरा, चिकण मातीत दहा-बारा. सोपा हिशेब म्हणजे कंदाच्या डोक्यावर कंदाच्या उंचीच्या दुप्पट माती. दोन कंदांत दहा-बारा सेंटिमीटर अंतर, म्हणजे चार बोटं आणि वर थोडं. खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाका, तिच्यावर कंद बूड खाली, शेंडा वर असा बसवा आणि हलकेच फिरवा. दाबू नका. दाबलं की बुडाखालची वाळू घट्ट होते आणि मुळं फुटताना कंद स्वतःच वर उचलला जातो. माती लोटून एकदा पाणी द्या आणि विसरून जा. पुढचं पाणी आभाळ देतं. कडाक्याची थंडी पडणार असं हवामान सांगू लागलं की वर चार बोटं पालापाचोळा पसरा आणि फेब्रुवारीत तो हाताने बाजूला करा.

ओळीत लावू नका, असं माझं मत. सात, नऊ, अकरा असे एका रंगाचे पुंजके दारापासून पाच पावलांच्या आत लावा. हे वासाचं फूल आहे. बागेच्या पार टोकाला लावून काय उपयोग? माझा पांढरा पुंजका कुलुपाच्या उंचीवरून वाकून पाहता येईल असा उंबऱ्याच्या डाव्या हाताला आहे.

फेब्रुवारीत मातीतून हिरवी, टोकदार, चोचीसारखी नाकं वर येतात. तेव्हा कंदांसाठीचं कोरडं खत मूठभर भोवती टाकते. ते या वर्षीच्या फुलासाठी नसून पुढच्या वर्षीच्या कंदासाठी असतं.

कुंडीत

पहिली चार वर्षं आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, नुसती बाल्कनी. म्हणून कुंडीचं काम मला जमिनीपेक्षा नीट येतं.

कुंडी पंचवीस सेंटिमीटर तरी खोल हवी, आणि बुडाला एक नाही, तीन-चार भोकं. त्यांवर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा. माती: दोन भाग कुंडीची तयार माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक खडी. कंदाचं नाक मातीच्या वर दिसलं तरी कुंडीत चालतं, पण बाहेर हिवाळा काढायचा असेल तर मी तीन-चार बोटं माती घालतेच. कुंडीत दाटीने लावा. कंद एकमेकांना आणि कुंडीच्या भिंतीला टेकू नयेत, मध्ये एक बोट जाईल एवढी फट पुरे. वीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत पाच मोठे कंद बसतात. एका कुंडीत एकच जात लावा, कारण वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या दिवशी फुलतात आणि अर्धी कुंडी सुकलेली, अर्धी कळीत असं होतं.

जमिनीतला कंद उबेत असतो. कुंडीतल्या कंदाला गारठा चारही बाजूंनी लागतो. उणे पाच-सहापर्यंत तो सहन करतो. त्याखाली जायची चिन्हं दिसली की मी कुंड्या भिंतीला चिकटवून एकत्र करते आणि त्यांच्याभोवती फुग्यांचं प्लास्टिक आणि वर बारदान गुंडाळते. भाजक्या मातीची स्वस्त कुंडी गोठून तडकते, तेव्हा हिवाळ्यात बाहेर ठेवायला तिच्यापेक्षा प्लास्टिकची किंवा जस्ताची बादली बरी. खाली बशी अजिबात नको. कुंडी दोन विटांवर ठेवा. आणि छज्जाखालच्या कुंडीला पाऊस लागत नाही हे विसरायला होतं. आठवड्यातून एकदा बोट खुपसून बघा. मुळं धरत असताना माती कोरडी ठणठणीत झाली तर कळी आतल्या आत वाळते.

मोठं पिंप असेल तर थर लावा. सर्वांत खाली, वीस सेंटिमीटरवर, ट्युलिप. त्यावर माती, मग पंधरावर हायसिंथ, मग माती आणि आठवर क्रोकस. आधी क्रोकस, मग हायसिंथ, मग ट्युलिप असं एकाच पिंपात दोन-अडीच महिने काही ना काही फुलत राहतं. वरचे कंद खालच्यांच्या बरोबर डोक्यावर आले तरी कोंब वाट काढतो.

पाडव्याच्या दिवशी घरात फुललेलं हवं तर

बागेतलं फूल हवेवर अवलंबून असतं. मध्य मार्च ते एप्रिलअखेर कधीही. पाडव्याला मात्र मला गुढीपाशी फुललेली कुंडी हवीच असते, म्हणून एक कुंडी मी उलट मोजून लावते.

साध्या कंदाला ९ अंश किंवा त्याखाली बारा ते चौदा आठवडे लागतात. मी तेरा धरते. उबेत आणल्यावर फुलायला सुमारे तीन आठवडे. एकूण सोळा आठवडे, म्हणजे ११२ दिवस. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, मी कुंडी ८ डिसेंबरला भरली. २०२६ चा १९ मार्चला, म्हणून लावणी २७ नोव्हेंबरची. कॅलेंडरवर पाडव्यापासून मागे मोजत गेलात की तुमची तारीख तुम्हाला मिळते.

भरलेली कुंडी थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. माझी सायकलींच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्याखाली असते. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी बाल्कनीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ठेवून वर बादली उपडी घालावी. माती फक्त ओलसर ठेवायची. तेरा आठवड्यांनी खोकं उचललं की पाचेक सेंटिमीटरचे कोंब दिसतात, अंधारामुळे पिवळट, वालाच्या मोडासारखे. आता बोटांनी कोंब तळाशी अलगद चिमटून बघा. आत कळीचा टणक गठ्ठा कंदाच्या मानेबाहेर आलेला हाताला लागला पाहिजे. तो अजून खाली असेल तर आणखी एक आठवडा थांबा. ही परीक्षा मला हिलेगोमच्या एका वृद्ध बागायतदारांनी स्वतःच्या हाताने माझं बोट धरून शिकवली, आणि तेव्हापासून एकही कुंडी फसली नाही.

त्यानंतरही थेट हीटरजवळ नाही. चार-पाच दिवस थंड खोलीत, मंद उजेडात. पानं हिरवी झाली की दिवाणखान्यात खिडकीशी. रोज कुंडी पाव फेरी फिरवा, नाहीतर दांडा उजेडाकडे कलतो. कललाच तर उदबत्तीची काडी कामाची नाही, बांबूची पातळ काडी कंद टाळून मातीत खोचा आणि सुती दोऱ्याने सैल बांधा. रात्री कुंडी गार खोलीत हलवली तर फूल दहा-बारा दिवसही टिकतं.

नाताळात फुललेली हवी असतील तर पाकिटावर 'प्रिपेअर्ड' लिहिलेले कंद सप्टेंबरच्या मध्यावर लावा. त्यांना शेतकऱ्यांनी आधीच उष्णतेची क्रिया केलेली असते, म्हणून दहाएक आठवड्यांची थंडी पुरते. पाडव्यासाठी त्यांच्यावर जास्तीचे पैसे घालवू नका.

काचेच्या पेल्यातलं हायसिंथ मुलांसाठी करावं. वर वाटीसारखं तोंड, मध्ये कंबर आणि खाली फुगीर पोट असा खास पेला मिळतो. कंद वाटीत बसवायचा, पाणी बुडाच्या किंचित खाली ठेवायचं. दोन-तीन मिलिमीटरची फट हवी. पाण्याला टेकला की कंद कुजतो. थंडीत अंधारात ठेवा. कागदाची शंकूसारखी टोपी घालायची इथे जुनी रीत आहे. मुळं पांढऱ्या शेवयांसारखी पेल्याच्या तळापर्यंत उतरली आणि कोंब बोटभर झाला की उजेडात आणा. पाण्यात वाढलेला कंद पुरता रिकामा होतो. तो पुढच्या वर्षी फुलत नाही.

फूल गेल्यावर

घोस सुकला की फुलं खालून वर ओरबाडून काढा, दांडा हिरवा राहू द्या. पानांना हात लावू नका. वेण्या घालू नका, गाठी मारू नका, कापू तर नकाच. पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सहा-सात आठवडे, तीच पुढच्या फुलाची भाकरी भाजत असतात. ती मलूल पानं डोळ्यांना खुपतात म्हणून मी मध्ये मध्ये उशिरा वाढणारी झाडं लावते, त्यांच्या आड ती झाकली जातात.

दुसऱ्या वर्षी घोस विरळ येतो. पन्नास-साठ फुलांच्या जागी पंधरा-वीस. पुष्कळ लोक हे पाहून कंद उपटून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. विरळ झालेलं हायसिंथ मला तर जास्त देखणं वाटतं. दांडा ताठ राहतो, प्रत्येक फूल वेगळं दिसतं, वास तितकाच. माझ्या उंबऱ्याजवळचे काही कंद सात वर्षांचे आहेत.

एक रोग मात्र ओळखून ठेवा. पानांच्या टोकापासून पिवळ्या-तपकिरी रेघा खाली उतरू लागल्या आणि कंद चिरल्यावर पिवळा चिकट द्रव आला, तर तो पिवळा रोग. यान हेंड्रिक वाकर या डच शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये तो जिवाणूंमुळे होतो हे दाखवलं. त्यावर घरगुती औषध नाही. कंद भोवतालच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात नको, आणि खुरपं धुऊन घ्या.

एका कंदाचे तीस कंद करायची इथली पद्धत मी दोनदा केली आहे. जूनमध्ये काढलेल्या निरोगी कंदाचं बूड धारदार, वाकड्या पात्याने वाटीसारखं कोरायचं. मग कंद उपडा करून कोरड्या वाळूवर, उबदार आणि दमट जागी ठेवायचा. दोन-अडीच महिन्यांत कोरलेल्या कडांवर लसणाच्या बारीक पाकळ्यांसारखी पिल्लं फुटतात. ऑक्टोबरमध्ये तो अख्खा कंद तसाच उपडा लावायचा. फुलाला मात्र तीन-चार वर्षं थांबावं लागतं. माझ्या पहिल्या खेपेला चोवीस पिल्लं आली. त्यांतल्या नऊ जणांनी यंदा पहिल्यांदा फूल दिलं, आणि त्या दिवशी मी ऑफिसला अर्धा तास उशिरा गेले.

पुण्या-मुंबईत विचारतात त्यांच्यासाठी

जमतं, पण एकाच हंगामापुरतं. आपल्याकडे एवढी थंडी नाही म्हणून फ्रिज लागतो. सप्टेंबरअखेर कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, कुठलंही फळ नको. पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. आणि पिशवीवर ठळक अक्षरात 'खायचे नाहीत' लिहा. हे हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात, माणसांना, कुत्र्या-मांजरांनाही. डिसेंबरच्या मध्यावर बाहेर काढून कुंडीत किंवा पेल्यात लावा आणि घरातल्या सर्वांत गार, उन्हाआडच्या जागी ठेवा. फूल गेल्यावर कंदाचा मोह सोडा.

इथून बॅगेत घालून कंद नेऊ नका. भारतात कंद-रोपं आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, आणि तो नियम आपल्याच शेतांच्या भल्याचा आहे. बहरलेलं हायसिंथ देशातच पाहायचं असेल तर मार्चअखेर-एप्रिलमध्ये श्रीनगरच्या ट्युलिप बागेत जा, तिथे ट्युलिपबरोबर ही फुलंही असतात. आणि दारात दरवर्षी असाच वास हवा असेल तर सिंगल गुलछडी लावा. तिला आपलं ऊन मानवतं, तिच्यासाठी फ्रिज लागत नाही.

सुटी फुलं

एप्रिलमध्ये नोर्डवाइकहून हार्लेमला फुलांच्या रथांची मोठी मिरवणूक निघते. ते रथ मुख्यतः हायसिंथच्या सुट्या फुलांनी मढवलेले असतात. त्या सुट्या फुलाला इथले लोक 'नाखल' म्हणतात, म्हणजे खिळा. लवंगेच्या नावातही इकडे तोच शब्द आहे. एक फूल हातात घेतलं की पटतं: खाली जाड नळी, वर सहा मागे वळलेल्या पाकळ्या. पहिल्यांदा ते रथ पाहिले तेव्हा मला आमच्या ओसरीवरची परात आठवली, सुट्या गुलछडीने भरलेली, आणि तिच्याभोवती सुया घेऊन बसलेल्या आई आणि आत्या.

म्हणून आता गुढीचा हार मी याचाच करते. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, दांड्यावरची दोन-तृतीयांश फुलं उमलली असताना, फुलं एकेक करून देठापाशी चिमटून काढायची. ओरबाडायची नाहीत, नळी फाटते. ओल्या फडक्यावर पसरायची. जाड दोरा दुहेरी घ्यायचा, लांब सुई देठाकडून घालून पाकळ्यांच्या तोंडातून बाहेर काढायची, आणि पुढच्या फुलाची नळी मागच्याच्या पाकळ्यांत बसवत जायचं, गुलछडीचा हार ओवतो तसंच. नळीतून चिकट रस येतो आणि सुई अडते. दर दहा फुलांनी ती ओल्या फडक्याला पुसा. एका भरगच्च दांड्यात हातभर माळ होते. तीन पांढऱ्या फुलांनंतर एक निळं घातलं तर फार सुंदर दिसतं. हार ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर गारव्यात ठेवायचा. नैवेद्याच्या ताटात किंवा तीर्थाच्या भांड्यात यातलं एकही फूल पडू देऊ नका. ते फक्त गुढीला, दाराला आणि केसांत.

गेल्या पाडव्याला शेजारणीने तो हार पाहून सुईदोरा मागितला आणि तिच्या सोंबोलच्या कुंडीतली गळलेली फुलं घेऊन माझ्या ओट्याशी बसली. तिच्या मनगटाला पुरतील एवढी होती, एकोणीस.